समुद्राखाली फिरणारे ग्लायडर रोबो एकत्र कसे चालवतात? कॉलेजच्या मुलांना त्यात खरंच काही करू देतात का?

करू देतात, आणि नुसतं बघायला नाही. तुम्ही मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहात आणि विचारलंय की एकाच वेळी आठ-दहा ग्लायडर पाण्यात असले की ते आपसात बोलून जागा ठरवतात की कोणी रिमोटने चालवतं. तर यातलं दोन्ही नाही. मी मास्टर्स करताना ग्लायडर पायलटिंगच्या ड्यूट्या केल्यात म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी मशीन समजून घ्या. साधारण माणसाएवढी लांब नळी, वजन पन्नास-साठ किलो, दोन पंख, आणि मागे ढकलणारा पंखा बहुतेकदा नसतोच. पंप थोडं पाणी आत घेतो (काही मॉडेलमध्ये तेल आतबाहेर करतो), तेवढ्याने यंत्र किंचित जड होतं, आतली बॅटरी पुढे सरकते, नाक खाली जातं आणि पंखांमुळे ते सरळ न बुडता तिरकं पुढे जातं. खाली पोचलं की सगळं उलट. असं वरखाली करत ताशी जेमतेम एक किलोमीटर. पण बॅटरी इतकी कमी लागते की आठवडेच्या आठवडे, कधी कधी महिने चालतं, आणि पूर्ण वेळ तापमान, क्षार, खोली मोजत असतं.

आता खरी अडचण अशी की पाण्याखाली जीपीएस नाही, रेडिओ नाही, म्हणजे तो दोन-तीन तास किंवा जास्त वेळ पूर्ण संपर्काबाहेर. स्लोकम नावाचा जो ग्लायडर आहे तो वर आला की त्याच्या शेपटीतला फुगा फुगतो, शेपटी पाण्याबाहेर निघते, अँटेना त्याच शेपटीत असतो. मग तो जीपीएस घेतो, इरिडियम सॅटेलाइटवरून किनाऱ्यावरच्या सर्व्हरला कॉल लावतो, डेटाची छोटी फाइल पाठवतो, नवीन वेपॉइंट, म्हणजे पुढे कुठे जायचं ती ठिकाणं, असतील तर घेतो आणि परत बुडी मारतो. तुमच्या हातात जे काही आहे ते एवढ्याच वेळात.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, काढणं. ग्लायडर आपला वेग आणि दिशा धरून अंदाज बांधतो की मी अमुक ठिकाणी वर येईन, प्रत्यक्षात जीपीएस सांगतं की तू दोन किलोमीटर बाजूला आहेस. बुडी तीन तासांची होती, म्हणजे १०,८०० सेकंद, भागाकार केला की सेकंदाला १८-१९ सेंटिमीटर. हा झाला त्या खोलीपर्यंतचा सरासरी प्रवाह, वेगळं कुठलंही सेन्सर न लावता! आणि ग्लायडरचा स्वतःचा वेग सेकंदाला २५-३० सेंटिमीटर, म्हणजे समुद्र त्याच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने त्याला ओढतोय. म्हणून पायलट नकाशावर सरळ रेघ मारत नाही, पुढच्या वेळी तो कुठे निघेल ते धरून आत्ताचा वेपॉइंट देतो.

ताफ्याचंही हेच, फक्त गुणिले दहा. २००६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरे बे या खाडीत एक मोठा प्रयोग झाला, त्यात प्रिन्स्टनच्या नाओमी लिओनार्ड यांच्या टीमचं गणित वापरून स्लोकम आणि स्प्रे अशा दोन जातीचे मिळून दहा ग्लायडर चालवले. प्रत्येकाला बंद लूपचा ट्रॅक दिलेला आणि लूपवर एकमेकांपासून ठरावीक अंतर राखायचं, कारण दोन ग्लायडर एकाच वेळी एकाच ठिकाणी मोजत बसले तर दुसऱ्याची मेहनत वाया. करंट हे अंतर सतत बिघडवतो. मग जो वर येईल त्याच्यासाठी किनाऱ्यावरचा कॉम्प्युटर हिशोब करायचा, बाकीचे पाण्याखाली आत्ता कुठे असतील याचा अंदाज धरून, आणि त्याला नवीन वेपॉइंट द्यायचा. ग्लायडर एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत, तरी ताफा जुळून राहतो.

आता विद्यार्थी. काम इतकं हळू असल्यामुळे विचार करायला वेळ मिळतो, आणि म्हणूनच ते शिकणाऱ्याला देता येतं. न्यू जर्सीच्या रटगर्स युनिव्हर्सिटीने २००८ मध्ये अटलांटिक पार करायला पाठवलेला आरयू १७ नावाचा ग्लायडर अझोर्स बेटांच्या आसपास हरवला. पुढच्या वर्षी आरयू २७, म्हणजे स्कार्लेट, २७ एप्रिल २००९ ला निघाला आणि ४ डिसेंबरला स्पेनच्या किनाऱ्याजवळ उचलला, २२१ दिवस, साधारण ७,४०० किलोमीटर. अंडरग्रॅज्युएट मुलं त्यात पूर्ण सामील होती. भागाकार करा, रोजचे ३३ किलोमीटर पडतात, जे ग्लायडर स्वतःच्या ताकदीवर काढतो त्यापेक्षा जास्त, कारण वाटेत गल्फ स्ट्रीम हा अटलांटिकमधला मोठा गरम प्रवाह आणि तिथले मोठमोठे भोवरे वापरता येतात. उत्तर गोलार्धात गरम पाण्याचा भोवरा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, म्हणजे पूर्वेला जायचं तर त्याच्या उत्तरेच्या कडेने जा, थंड भोवरा उलटा फिरतो, तिथे दक्षिणेची कड धरा. सॅटेलाइटचा नकाशा समोर ठेवून भोवरा कुठला, कड कुठली हे ठरवायचं आणि काही दिवसांनी आपण बरोबर होतो की नाही हे समुद्रच सांगणार, यापेक्षा चांगली प्रॅक्टिकल परीक्षा मला तरी माहीत नाही. तो ग्लायडर नंतर अमेरिकेतल्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये ठेवला.

आपल्याकडे २०१६ च्या पावसाळ्यात बॉबल प्रकल्पात बंगळुरूचं आयआयएससी आणि इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया युनिव्हर्सिटीने मिळून सिंधू साधना जहाजावरून बंगालच्या उपसागरात ग्लायडर सोडले होते, मान्सून नीट समजावा म्हणून. गोव्यात दोना पावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आहे, तिथे माया नावाचं पाण्याखालचं स्वयंचलित यान बनवलंय, ते ग्लायडर नाही, त्याला प्रोपेलर आहे, पण तुम्ही मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहात तर इंटर्नशिपसाठी तिथे जरूर विचारा.

आणि तोपर्यंत वाट बघत बसू नका. आयूस (IOOS) या समुद्राची निरीक्षणं गोळा करणाऱ्या अमेरिकेच्या यंत्रणेचं ग्लायडर डेटा सेंटर आहे, त्यात शेकडो मोहिमांचा डेटा फुकट उतरवता येतो, पायथन थोडं येत असलं तरी पुरे. एक मोहीम घ्या, आधी खोली विरुद्ध तापमानाचा प्लॉट काढा, उन्हाळ्यातली असेल तर वरचा गरम थर आणि खालचं थंड पाणी स्पष्ट दिसेल. मग फाइलमध्ये यू (पूर्व-पश्चिम) आणि व्ही (उत्तर-दक्षिण) नावाने सरासरी करंट दिलेला असेल, त्याचे बाण मार्गावर काढा आणि ग्लायडरची वाट जिथे वाकलीय तिथे बाण कुठे वळलेत ते बघा.