प्रवेशाची तारीख आणि पुण्यतिथी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबांच्या नावाने न्यास काढायचा, तर 'स्मृती' म्हणायचं की 'प्रतिष्ठान', बोधचिन्हात त्यांची सही घ्यायची का, विश्वस्तांत मोठे काका हवेत की आत्या, पहिला कार्यक्रम पुण्यतिथीला करायचा की वाढदिवसाला, सगळं सविस्तर लिहिलं आहेस. ज्या मुलांसाठी हा खटाटोप, त्यांना फी कधी भरावी लागते, हे मात्र चार पानांत कुठे नाही.

रागावू नकोस. माणूस जाऊन वर्षही झालेलं नाही, आणि घरातल्या प्रत्येकाला या न्यासातून आपापला माणूस थोडासा परत हवा आहे. म्हणून तुमच्या बैठका लांबतात. तू मधल्या मध्ये सापडली आहेस आणि मला विचारतेस, 'कोणाचं ऐकू?' कोणाचंच नको. प्रवेशाचं वेळापत्रक समोर ठेव आणि त्याचं ऐक. पैसे प्रवेशाच्या तारखेला पोचले पाहिजेत, पुण्यतिथीला नव्हे. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळलीस तरी चालेल.

आपल्याकडे स्मरणार्थ मदत कशी होते, तू पाहिली आहेसच. गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं लांबलेलं भाषण, मग मुलं एकेक करून मंचावर येतात आणि लिफाफा घेऊन फोटोसाठी थांबतात. त्या लिफाफ्यातली रक्कम ज्या महिन्यात हवी होती तो महिना केव्हाच गेलेला असतो. बापाने तोवर सावकाराकडून किंवा ठेकेदाराकडून उचल घेऊन फी भरलेली असते आणि तुमचा चेक त्या व्याजात जातो. किंवा फी भरलेलीच नसते. तशी मुलं तुझ्या कार्यक्रमात दिसणारच नाहीत, त्यामुळे सभागृह नेहमी यशस्वी मुलांनीच भरलेलं असतं.

दहावी-बारावीचे निकाल लागले की अकरावी, आयटीआय, पॉलिटेक्निकची धावपळ सुरू होते. इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या अभ्यासक्रमांच्या कॅप फेऱ्यांत, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्यांत, जागा मिळाली की ती स्वीकारून कॉलेजात हजर व्हायला मोजकेच दिवस असतात. त्या दिवसांत उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जात वैधता, मूळ कागदपत्रं आणि पैसे असं सगळं एकदम हातात लागतं. मुदत टळली की जागा गेली, मग गुण कितीही असोत. तिथे तुझ्या काकांच्या भाषणाचा उपयोग नाही.

तू म्हणशील, सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेत ना? आहेत, आणि त्या न्यासाच्या कुवतीपेक्षा कितीतरी मोठ्या आहेत. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण शुल्क माफी लागू झाली. व्यवस्थापन कोट्यातल्या जागा मात्र त्यात नाहीत. म्हणून न्यासाचा पहिला खर्च फी हा नसेलही. खोलीची अनामत, मेसचा पहिला महिना, बसचा पास, नर्सिंगच्या मुलीचा गणवेश यांना ही माफी लागू नाही. शिवाय सरकारी रक्कम मंजूर झाली तरी खात्यावर यायला पुष्कळदा वर्ष सरत येतं, आणि मेसवाला तोवर थांबत नाही. छोट्या कौटुंबिक न्यासाची जागा नेमकी या फटीत आहे. सरकारकडे पैसा आहे, तुझ्याकडे वेळ साधण्याची सोय आहे. तीही घालवलीस तर उरलं काय?

बाबासाहेबांचंच उदाहरण घे. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते कोलंबियाला जाऊ शकले. ती देणाऱ्याचा मोठेपणा निर्विवाद. पण 1917 मध्ये मुदत संपली आणि लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. पुन्हा जायला 1920 उजाडलं. सिडनेहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, एवढं जुळवावं लागलं. त्यांच्या तोलाच्या विद्यार्थ्याची वर्षं मुदतीच्या एका ओळीने खाल्ली. तुझ्या न्यासाकडे येणाऱ्या मुलाला भथेना भेटतीलच असं नाही. म्हणून एकदा हात धरलास की अभ्यासक्रम संपेपर्यंत, दर वर्षीच्या प्रवेशाच्या तारखेला, न मागता पैसे गेले पाहिजेत. दुसऱ्या वर्षी 'पुन्हा अर्ज करा, पुन्हा मुलाखतीला या' हा प्रकार मला सहन होत नाही. नापास झाला तर बोलाव, बस, विचार. पण पैसे आधी.

आता काकांचा मुद्दा. दहा लाखांचा कायम निधी आणि त्याच्या व्याजातून दर वर्षी वीस मुलं. ठेवीवर सात टक्के धरले तर वर्षाला सत्तर हजार होतात. वीस मुलांत वाटले तर प्रत्येकी साडेतीन हजार. त्यात छान फोटो निघतो, शिक्षण होत नाही. एक मूल धर, फार तर दोन. कॉलेजांच्या स्नेहसंमेलनात अजूनही 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ रुपये एक्कावन्न' असं पारितोषिक पुकारलं जातं, तेव्हा ते नाव मिरवतं की बिचारं होतं? ज्या काळी ती ठेव ठेवली त्या काळी ती चांगली रक्कम होती. व्याजातला थोडा भाग दर वर्षी मुद्दलात टाकला नाही तर बाबांचं नावही पुढे असंच पुकारलं जाईल.

नातेवाइकांच्या मुलांना 'प्राधान्य' हे कलम तर आधी खोड. विश्वस्तांच्या नात्यातल्यांना फायदा दिला तर आयकराची सवलतच धोक्यात येते. एका जातीच्या किंवा धर्माच्याच मुलांसाठी न्यास काढला तरीही तेच. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि बालकं यांच्यासाठीच्या न्यासांना तिथे अपवाद आहे. काकांना हे माझ्या नावावर सांग. माझ्यावर रागावणाऱ्यांत एकाची भर पडली तर मला फरक पडत नाही.

नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो. पुढे विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अहवाल. हे वकील करून देईल, त्यात जीव घालवू नकोस. तुझं डोकं जिथे लागणार आहे ते कलम वकिलाच्या छापील मसुद्यात नसतं. कोणत्याही दोन विश्वस्तांना, ठरावीक मर्यादेपर्यंत, बैठक न घेता कॉलेजच्या किंवा वसतिगृहाच्या खात्यावर थेट पैसे पाठवण्याचा अधिकार हवा. बैठकीत नंतर त्याची नोंद घ्यावी. हे लिहिलं नाहीस तर काय होतं? बैठक सगळ्यांच्या सोयीने रविवारी ठरते आणि प्रवेशाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपलेली असते.

आणखी एक तारीख तुला छळेल, मार्चअखेर. न्यासाच्या वर्षाच्या उत्पन्नातला साधारण 85 टक्के भाग त्याच वर्षी उद्दिष्टावर खर्च व्हावा असा आयकराचा नियम आहे. वर्षभर झोपलेले न्यास मार्चमध्ये खडबडून जागे होतात आणि दप्तरं वाटत सुटतात. जून ते ऑगस्टमध्ये पैसे गेले असतील तर मार्चमध्ये तुला करायला काही उरणार नाही. हिशेबनीसही खूश राहील.

आता माझ्याबद्दल, कारण तू विचारलंस की आमच्या न्यासाचा कार्यक्रम का होत नाही.

दादाच्या नावाने न्यास काढला तेव्हा वहिनीला पुण्यतिथीला समारंभ हवा होता. त्या एका दिवशी लोक दादाबद्दल बोलतील, तिला ऐकायला मिळेल, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. पुण्यतिथी जानेवारीत, पैसे जुलैत लागतात, आणि समारंभ ठेवला की पैसे समारंभाची वाट बघत बसतात हे मी दुसऱ्या एका न्यासात डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने मधला मार्ग सुचवला, पैसे जुलैत द्या आणि जानेवारीत फक्त मुलांना बोलवा. मी तोही नाकारला. परीक्षेच्या तोंडावर मुलांनी बस पकडून आपल्या गरिबीचे आभार मानायला का यावं? वहिनीने राजीनामा दिला. आमचं बोलणं अजून कामापुरतंच आहे. भाचरं म्हणतात, आत्याने बाबांचं नाव पुसलं.

याचं मला वाईट वाटतं. रात्री कधीकधी फार वाटतं. तिचं दुःख खरं होतं आणि मी त्याला वेळापत्रक दाखवलं. पण तू म्हणशील तर आजही तेच करीन. नाव पुसलं म्हणे! मूल फीच्या रांगेत असताना खात्यावर पैसे येतात आणि पाठवणाऱ्याच्या जागी दादाचं नाव असतं. यापेक्षा नाव आणखी कुठे लिहायचं असतं? तुझ्या आईशी मात्र माझ्यापेक्षा मऊ बोल. पुण्यतिथीला घरी माणसं बोलवा, बाबांच्या आठवणी काढा, हवं तेवढं रडा. फक्त मुलांना आणि चेकला त्यात ओढू नका.

रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. भाऊरावांनी 1919 मध्ये काल्याला संस्था काढली हे सगळ्यांना पाठ असतं. मला त्यात लक्ष्मीबाईंची घाई महत्त्वाची वाटते. भूक त्या दिवशी लागली होती, त्यांनी त्या दिवशी दिलं. आपण याला त्याग म्हणून हात जोडतो आणि मोकळे होतो. तो वेळेवर केलेला खर्चही होता, हे आपण बोलत नाही.

स्वतंत्र न्यास न काढता एखाद्या जुन्या संस्थेकडे बाबांच्या नावाने निधी द्यावा का, असंही विचारलं आहेस. खुशाल द्या. दहा लाखांसाठी दर वर्षी लेखापरीक्षण, विवरणपत्र आणि नूतनीकरण सांभाळण्यापेक्षा ते शहाणपणाचं आहे. पुण्याच्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्था 1955 पासून खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवणाचं बघत आल्या आहेत. त्यांना जे कळतं ते तुझ्या काकांना कळायला दहा वर्षं लागतील. संस्था कोणतीही असो, देणगीच्या पत्रात एक ओळ घाल, 'ही रक्कम प्रवेशाच्या वेळी द्यावी, वार्षिक समारंभात नव्हे.' ती ओळ मान्य नसेल तर निधी दुसरीकडे ने. दुसऱ्या दहा संस्था आहेत.

तुझ्या ताज्या कलमात, म्हणजे सहीच्या खाली, घाईत लिहिलेली एक ओळ आहे. बाबांच्या ऑफिसातल्या शिपायाच्या मुलीला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, जागा मिळते आहे आणि 'न्यास झाला की पहिली शिष्यवृत्ती तिला देऊ.' अगं, न्यास होईल दिवाळीनंतर. तिला वसतिगृहाची अनामत या महिन्यात भरायची असेल. आजच तिच्या वडिलांना फोन कर, कॉलेजचा खाते क्रमांक माग आणि तुझ्या पगारातून पाठव. त्याला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागत नाही. पावती तिच्याच नावाने घे. मसुदा मला त्यानंतर पाठव, आधी वाचणार नाही.