बोरन लेक्सला जातोयस ना, मग बंदूक राहू दे, स्प्रे घे

भावा, पहिलीच ट्रिप आणि तीही कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातली, तळ्यांमधून नावेने करायची ही ११६ किमीची चक्कर, म्हणजे काळं अस्वल आणि ग्रिझली (मोठं तपकिरी अस्वल) दोन्ही आहेत तिथे. बंदुकीचं डोक्यातून काढ, वल्ही मारून हात भरून आलेत आणि समोरून ग्रिझली धावत येतंय, अशात नेम लागतोय होय? बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाच्या तोंडावर मारायचा मिरचीचा फवारा घे, पण तो विमानात चेक-इनच्या बॅगेतही चालत नाही, तिकडे उतरल्यावरच विकत घे. आणि बॅगेत कोंबू नकोस, माझा पहिल्या वर्षी ड्रायबॅगच्या (पाणी न शिरणाऱ्या पिशवीच्या) तळाशी होता, किनाऱ्यावर अस्वल उभं आणि मी आपला डाळ-तांदळाची पाकिटं उपसत बसलोय! लाइफ जॅकेटच्या पट्ट्याला लाव, सेफ्टी क्लिप अंगठ्याने काढायची सवय कर. पल्ला जेमतेम ७-८ मीटर, डबा काही सेकंदात रिकामा, म्हणून वारा कुठून येतोय बघ नाहीतर स्वतःच खोकत बसशील. तंबूवर तर मुळीच मारू नकोस, ओडोमॉस नाहीये ते.

बाकी वासाची काळजी जास्त घे. फोडणी तंबूपासून लांब, आणि रात्री टूथपेस्टसकट सगळं कॅम्पसाइटवरच्या लोखंडी पेटीत, नावेत चिवड्याचं अर्धं पाकीट पण ठेवायचं नाही.