वाचक विचारतात : 'आत्म्याने दीन' म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न : फादर, गेली अकरा वर्षं आमच्या चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, वेदीवरची फुलं मीच लावते. यंदा मला न विचारता ते काम दुसऱ्या बाईंना दिलं आणि मला इतकं लागलं की मिस्सामध्ये लक्षच नव्हतं. त्यात बायबलमधलं वाचन नेमकं 'आत्म्याने दीन ते धन्य'. घरचं बरं चाललंय, गरीब आम्ही नाहीच, मग दीन कसं व्हायचं? स्वतःला कमी लेखायचं का?
– एक भगिनी, वसई

उत्तर : ताई, कमी लेखायचं नाही, हे आधीच सांगतो. 'मी कोण, माझी काय लायकी' म्हणत बसलं तरी डोक्यात 'मी'च असतो ना. मत्तयच्या शुभवर्तमानात, 5व्या अध्यायात, इथे ग्रीक शब्द आहे प्तोखोस. मोलमजुरी करून कसंबसं भागवणाऱ्यासाठी पेनेस हा वेगळा शब्द होता, प्तोखोस म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही, अंग आखडून बसलेला भिकारी, कुणी दिलं तरच खाणार. देवापुढे आपण सगळे तसेच, बँकेत कितीही असो. पण म्हणून 'आत्म्याने' या शब्दाआड लपून खऱ्या गरिबांना विसरायचं नाही हां, लूकच्या 6व्या अध्यायात येशू सरळ 'दीनहो' म्हणतो आणि चारच वचनांनंतर धनवानांना खडे बोल सुनावतो.

आता तुमच्या फुलांचं. इटलीतला संत, असिसीचा फ्रान्सिस, कापड व्यापाऱ्याचा मुलगा, त्याने 1206 च्या सुमारास बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या हवाली केले, इतकं सोडलेला माणूस. पण आपल्या संघातल्या बांधवांना केलेल्या उपदेशांमधे, 14व्यात, तो याच वचनावर बोलताना पैशाचा विषयच काढत नाही. तो म्हणतो, पुष्कळ जण प्रार्थना-उपास खूप करतात, पण एखादा शब्द लागला किंवा त्यांच्याकडून काही काढून घेतलं की लगेच बिथरतात, ते आत्म्याने दीन नव्हेत. मला हे वाचताना अजून टोचतं. एका सणाला माझं प्रवचन ऐनवेळी दुसऱ्या फादरांना दिलं, आणि वेदीशेजारी बसून मी मनात त्यांची वाक्यं दुरुस्त करत होतो, हा उपदेश स्वतः शिकवलेला असूनही.

तुम्हाला वाईट वाटलं ते देवाला तसंच सांगा, सजवू नका. येशूच्या परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदाराच्या (लोक पापी समजत असा करवसुलीदार) दाखल्यात जकातदार तरी दुसरं काय करतो, लांब उभा राहून छाती बडवत दया मागतो, बस्स. आणि पुढच्या वेळी त्या बाईंना फोन करा, फुलं कुठून आणता, कुठली दुपारपर्यंत टिकतात ते सांगा, त्यांना कुणी सांगितलं नसेल.