प्राइम९५ रात्रभर चाललं, मग यूट्यूबवर पीसी का बंद पडतो?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अकोल्याचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत रायझन ७ ५८००एक्स या एएमडीच्या प्रोसेसरचा गेमिंग पीसी जोडला. बायोसमध्ये पीबीओ (प्रोसेसरला जास्त वेगाने पळू देणारी सेटिंग) चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअर्सचं व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) सगळ्या कोअर्सना उणे ३० दिला. रॅम एक्सएमपीवर, म्हणजे तिच्या तयार जलद सेटिंगवर, ३६०० ला आहे. सिनेबेंचची टेस्ट पास. प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं प्राइम९५ रात्रभर नऊ तास चालवलं, एकही एरर नाही. गेमही नीट चालतात. पण यूट्यूब लावून जेवायला बसलो किंवा पीसी नुसता चालू ठेवला, की आठवड्यातून दोन-तीनदा स्क्रीन काळी होते आणि पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. याच पीसीवर बाबा दुकानाचा जीएसटीचा हिशोब ठेवतात. एवढ्या टेस्ट पास झाल्यावर पीसी स्टेबल धरायचा ना? की एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) बदलू?

उत्तर : एसएमपीएसवर पैसे घालू नकोस, निदान पुरावा मिळेपर्यंत तरी. तो पुरावा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, सिस्टिमच्या लॉगमध्ये आहे. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेलच, पण पीसी नीट बंद झाला नव्हता एवढंच त्यावरून कळतं. त्याच्या आसपास ‘डब्ल्यूएचईए-लॉगर, १८’ अशी हार्डवेअरच्या चुकीची नोंद आहे का बघ. असली तर ती उघड. आत बहुतेक ‘कॅश हायरार्की एरर’ लिहिलेलं असेल आणि खाली प्रोसेसरचा एपीआयसी आयडी, म्हणजे चुकलेल्या थ्रेडचा नंबर. तुझ्या चिपमध्ये आठ कोअर्स, सोळा थ्रेड्स. म्हणून त्या आकड्याचा निम्मा कर. आयडी ४ किंवा ५ असला तर दोन नंबरचा कोअर, शून्यापासून मोजून. अशी नोंदच नसेल, नुसता ४१ असेल, तर मात्र एसएमपीएस, प्लग आणि यूपीएसची बॅटरी तपास.

माझा अंदाज, नोंद सापडेल. तुझं वर्णन उणे ३० चंच आहे.

प्राइम९५ सगळे कोअर्स एकदम राबवतं. तेव्हा वीज आणि उष्णता वाढते, म्हणून चिप स्वतःच क्लॉक, म्हणजे वेग, खाली आणते. खालच्या क्लॉकला कमी व्होल्टेज पुरतं. यूट्यूब चालू असताना एकच कोअर क्षणभर जागा होतो आणि थेट ४.८५ गिगाहर्ट्झच्या आसपास उडी मारतो, खोक्यावर ४.७ लिहिलेलं असलं तरी. त्या क्षणी त्याला सगळ्यात जास्त व्होल्टेज लागतं, आणि नेमकं तेच तू काढून घेतलं आहेस. कर्व्ह ऑप्टिमायझरचा एक अंक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. तीस अंकांचे ९० ते १५० होतात. म्हणजे नऊ तास तू ओझं तपासलंस, वेग तपासलाच नाहीस.

सगळ्या कोअर्सना एकच आकडा देणं मला मुळातच पटत नाही. चिपमधले आठ कोअर्स सारखे नसतात. एएमडीच्या रायझन मास्टर या सॉफ्टवेअरमध्ये ज्यावर चांदणी दिसते तो सगळ्यात चांगला कोअर, आणि बऱ्याचदा तोच आधी मान टाकतो. तो आधीच कमी व्होल्टेजवर उंच पळत असतो. त्याच्याकडून आणखी काढायला फारसं उरलेलं नसतं.

पण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी बाबांच्या हिशोबाची वाटली. २०२१ मध्ये मी माझ्या पीसीची रॅम ३६०० ला चढवली होती. एकदाही निळी स्क्रीन नाही, एकदाही रीस्टार्ट नाही. त्याच महिन्यात आईच्या माहेरचे जुने फोटो स्कॅन करून झिप करून ठेवले. पुढे उघडायला गेले तर तीन झिप ‘सीआरसी एरर’ देऊन अडल्या, म्हणजे आतला डेटा बिघडला होता. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावलं, दुसऱ्या फेरीत लाल ओळी आल्या. अल्बम घरातच होता म्हणून वाचले. एकशे चाळीस फोटो पुन्हा स्कॅन करायला दोन रविवार गेले. पीसी बंद पडला तर निदान कळतं तरी. हे कळलंच नव्हतं.

म्हणून आजच हिशोब पेन ड्राइव्हवर घे आणि पेन ड्राइव्ह काढून ठेव. बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह कर : एक डिफॉल्ट, एक तुझं. तपासणी संपेपर्यंत बाबा बसतील तेव्हा डिफॉल्टच.

मग कर्व्ह ऑप्टिमायझर शून्यावर आण आणि आधी रॅम तपास. एक्सएमपी हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. तुझ्या प्रोसेसरसाठी एएमडीने ३२०० पर्यंतच हमी दिली आहे. मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या होऊ दे. एक जरी एरर आली तरी ती चालत नाही. रॅम ३२०० वर आण आणि पुन्हा तपास.

रॅम शुद्ध निघाली की कर्व्ह ऑप्टिमायझर पुन्हा उणे ३० वर ने आणि कोअरसायकलर घे. फुकट आहे. ते प्राइम९५ लाच एका वेळी एका कोअरवर बसवतं, तेही हलक्या एसएसई मोडमध्ये, म्हणजे क्लॉक पूर्ण वर जातो. कॉन्फिगच्या फाइलमध्ये प्रत्येक कोअरला एक तास दे. आठ कोअर्स, एक रात्र. सकाळी पीसी रीस्टार्ट झालेला दिसला तर कोअरसायकलरच्या लॉगची शेवटची ओळ वाच, कोअर सापडेल. फक्त त्याच कोअरला उणे ३० वरून उणे २५ वर आण. पुन्हा रात्रभर. पुन्हा रीस्टार्ट झाला तर उणे २०. चार-पाच रात्री जातील, जाऊ देत. कुणी उणे ३० वर, कुणी उणे १० वर थांबेल, आणि एखाद्याला शून्यच लागेल.

तेवढ्यावर लगेच हिशोबाला बसू नका. झोपेतून उठताना, नुसता बसलेला असतानाही पीसी पडतो, आणि ते कुठल्याच टेस्टमध्ये नीट पकडता येत नाही. आठवडाभर तसाच वापर, रोज इव्हेंट व्ह्यूअरचा लॉग बघ.

तारीख वहीत लिही, कारण अकोल्यात हे वर्षातून दोनदा करावं लागेल. चिप थंड असली की आणखी वर पळते, म्हणून कोअर्सची परीक्षा जानेवारीच्या पहाटे. रॅम उष्णतेने बिघडते. तिची परीक्षा मे महिन्यात, दुपारी तीनला, खोलीतला कूलर बंद ठेवून.