साडेचार लाखांचा कॅमेरा आणि तेरा अडकलेले अल्बम

चोपडा तालुक्यातून एका फोटोग्राफर भाऊंचं पत्र आलं आहे. वय 34, घरी आई, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. वर्षाला लग्नाच्या 22 ऑर्डर, सरासरी 60 हजारांची एक. मधल्या काळात बारसं, साखरपुडा, घरगुती फोटो. त्यांचा प्रश्न असा: सोनीची नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि लांबून जवळचं टिपणारी 70-200 लेन्स असा साडेचार लाखांचा सेट तीन वर्षांच्या हप्त्यांवर घेऊ का? घेतला तर 60 हजारांचं पॅकेज सव्वा लाखाला जाईल, अशी त्यांना खात्री वाटते.

प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. पण पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता एक ओळ लिहिली आहे, ती मी तीनदा वाचली: "पॉलिसीचा 1 लाख 20 हजारांचा हप्ता जुलैत असतो, पण तो नोव्हेंबरच्या लग्नांच्या ॲडव्हान्समधून निघून जातो, त्याची चिंता नाही."

भाऊ, मला चिंता आहे ती त्याचीच.

आधी पॉलिसी. मामेभावाने दिली, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 24 लाख मिळणार, 'पैसे दुप्पट, गॅरंटी'. पहिला हप्ता सुरुवातीलाच जातो आणि शेवटचा नवव्या वर्षाच्या शेवटी. म्हणजे तुमचा रुपया त्यात सरासरी साडेपंधरा वर्षं पडून राहतो. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट होतात त्याने 72 ला भागलं की व्याजदराचा अंदाज येतो. 72 ला 15.5 ने भागा: व्याज पडतं साडेचार टक्क्यांच्या आसपास. सरकारच्या पीपीएफ बचत योजनेवर एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के मिळत आले आहेत. त्याच दराने तेवढेच पैसे तेवढाच काळ ठेवले तर 35 लाख होतात. 11 लाखांचा फरक 'गॅरंटी' या एका शब्दाखाली झाकून तुमच्या गळ्यात मारला. बरं, विमा म्हणावा तर संरक्षण किती? 12 लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर तेवढ्यात मुलीचं शिक्षणही पुरं होणार नाही. तुमच्या वयाला एक कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) वर्षाला 15 हजारांच्या आसपास मिळतो. आणि मेडिक्लेम तर तुमच्या घरात कुणाचाच नाही.

दोन हप्ते, 2 लाख 40 हजार, जाऊन बसले आहेत. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती मिळतील, आणि पेड-अप होत असेल, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू राहत असेल, तर मुदतीला किती. समजा सरेंडरचे 80 हजारच आले. 1 लाख 60 हजार बुडाले म्हणून जीव तुटेल, साहजिक आहे. पण आता फक्त पुढचं पाहायचं. ते 80 हजार पॉलिसीतच ठेवले आणि उरलेले आठ हप्ते भरले असं धरून पुढचा हिशेब केला तरी परतावा साडेपाच-पावणेसहा टक्क्यांच्या वर जात नाही. मामेभावाला वाईट वाटेल म्हणून आणखी 9 लाख 60 हजार भरू नका.

आता ॲडव्हान्स. आषाढी ते कार्तिकी मुहूर्त नसतात. तुळशीचं लग्न लागलं की तुमची धावपळ सुरू होते. म्हणजे ऐन रिकाम्या महिन्यात तुमचा सर्वांत मोठा खर्च येतो. नऊ घरांनी 15-15 हजार दिले, 1 लाख 35 हजार जमले, आणि त्यातले 1 लाख 20 हजार पॉलिसीत गेले. ते पैसे तुमची कमाई नव्हती. कुणीतरी केळीचा किंवा कापसाचा पैसा आला तेव्हा मुलीच्या लग्नासाठी दिलेले होते. नोव्हेंबरात सहायक, व्हिडिओवाला, ड्रोनवाला यांना द्यायला खातं रिकामं, म्हणून त्या लग्नात मिळालेले पैसे तिथेच संपतात आणि अल्बम छापायला उरत नाही. तेरा अल्बम बाकी आहेत असं तुम्हीच लिहिलं आहे. गिऱ्हाईक शेवटचे 20 हजार अल्बम हातात पडल्यावरच देतं. छपाईला 11 हजार. म्हणजे एकेका अल्बममागे तुमचे निव्वळ 9 हजार अडकलेत. तेरांचे 1 लाख 17 हजार. कॅमेऱ्याचे पैसे तुमच्याच हार्डडिस्कवर पडून आहेत.

साडेचार लाखांवर 14 टक्क्यांनी हप्ता येतो 15,400, वर्षाला 1 लाख 85 हजार. खर्च वजा जाता तुमच्या हातात साडेपाच लाख राहतात, घर चालवायला 3 लाख 60 हजार लागतात, पॉलिसीला 1 लाख 20 हजार. उरले 70 हजार. हप्ता बारा महिने चालतो, मुहूर्त नाही. 2026 चंच बघा, अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, ऐन हंगामातला महिना गेला. आणि सव्वा लाखाचं पॅकेज कॅमेरा ठरवत नाही; रावेर-यावलकडे वादळाने केळी आडवी झाली की लग्नाचं बजेट तिथेच कापलं जातं.

तरीही एका गोष्टीसाठी मी तुमच्या बाजूने आहे. तुमच्या कॅनन 6डी मार्क टू मध्ये मेमरी कार्डाचा एकच स्लॉट आहे. कार्ड गेलं तर सप्तपदी परत होत नाही. म्हणून प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उतरवणारी, दोन स्लॉटची दुसरी बॉडी हवीच. पण सोनी घेतली तर हातातल्या कॅननच्या लेन्सही बहुतेक बदलाव्या लागतील. चांगल्या अवस्थेतली कॅननचीच जुनी आर6 बघा. ॲडॅप्टर लावून तुमच्या लेन्स तिच्यावर चालतात. सव्वा लाखाच्या आत जमावं. 70-200 हंगामात वीस-पंचवीस दिवस लागते, ती भाड्याने आणा.

उरलेलं प्रकाशावर घाला. गेल्या उन्हाळ्यात यावलकडच्या एका गोरज मुहूर्तावर मी उभा होतो. सूर्य मावळला, पिवळे हॅलोजन लागले, आणि फोटोग्राफरने फ्लॅश वर, मांडवाच्या लाल कापडावर मारला. नवरीचा चेहरा कुंकवासारखा लालभडक आला. मग त्याचा पोऱ्या काठीला बॅटरीवरचा फ्लॅश आणि पांढरी छत्री लावून बाजूला उभा राहिला, तेव्हा हळदीचा पिवळा रंग आणि डोळ्यांतलं पाणी वेगवेगळं दिसू लागलं. कॅमेरा जुनाच होता. असा 200 वॅटसेकंदाचा फ्लॅश 30 हजारांच्या आसपास येतो.

पैसे असे: अल्बमचे 1 लाख 17 हजार आणि सरेंडरचे 80 हजार मिळून 1 लाख 97 हजार. त्यातून टर्म आणि तिघांचा मेडिक्लेम मिळून 35 हजार, आईचा वेगळा बघू. राहिलेल्यात बॉडी आणि एक फ्लॅश बसतो, कर्ज शून्य. ॲडव्हान्ससाठी आजच वेगळं खातं उघडा. लग्न लागेपर्यंत त्याला हात नाही.

खात्यात 40 हजार आहेत म्हणता. त्यातून तीन अल्बम छापा, 33 हजार. त्यांचे 60 हजार आले की पुढचे पाच. बहुतेक अल्बम अडकतात ते घरच्यांनी फोटो निवडून दिले नाहीत म्हणून. फेब्रुवारीतल्या तीन घरांना उद्या फोन करा, आणि रविवारी लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा.