पावसाच्या लॉगर फायलींसाठी छोटी स्क्रिप्ट लिहिताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच केंद्रांवर स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत, त्यांच्या लॉगरमध्ये (नोंदी साठवणाऱ्या यंत्रात) दर 15 मिनिटांची नोंद, महिन्याला एक सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर) फाइल. त्या एक्सेलमध्ये चिकटवून रोजचा पाऊस काढण्यात फार वेळ जातो. तेव्हा बटणं-खिडक्या असलेलं सॉफ्टवेअर बनवावं का, आणि कोणत्या भाषेत?

भाषेचं आधी उरकतो. पायथन घ्या. विभागात सगळे आर (R) ही भाषा वापरत असतील तर आर घ्या, कारण अडलं की शेजारच्या टेबलावर विचारता आलं पाहिजे. बटणं-खिडक्यांच्या मागे आत्ता लागू नका, त्यातच सहा महिने जातील आणि प्रबंध तिथेच राहील. फोल्डरचं नाव दिलं की रोजच्या पावसाची एक फाइल काढून देणारी दीडदोनशे ओळींची स्क्रिप्ट पुरते. खरी मेहनत वेगळ्याच जागी आहे. तुमच्या नोंदींचे जिथे जिथे दोन अर्थ निघू शकतात, तिथे स्क्रिप्टने गुपचूप एक अर्थ धरून पुढे जाता कामा नये. तिने थांबावं आणि फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक देऊन तक्रार करावी.

सगळ्यात मोठी अशी जागा म्हणजे 'दिवस'. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. सकाळी 8:30 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 8:30 एवढा पाऊस मोजतात आणि तो संपण्याच्या तारखेला लिहितात. आपण सगळे 26 जुलै 2005 म्हणतो, पण सांताक्रूझचे ते 944 मिमी 27 जुलैच्या सकाळी 8:30 ला संपलेल्या 24 तासांचे आहेत. पांडासला (पायथनमधलं तक्ते हाताळायचं साधन) 'रोजची बेरीज कर' एवढंच सांगितलंत तर ते मध्यरात्री कापणार, आणि तुमचे आकडे खात्याच्या आकड्यांशी कधीच जुळणार नाहीत. लॉगरचं घड्याळ यूटीसीवर (आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल तर हीच सीमा 3:00 वाजता येते, तेही तपासा.

त्यातही एक बारकावा आहे. 8:30 ची नोंद म्हणजे 8:15 ते 8:30 चा पाऊस की 8:30 ते 8:45 चा? काही लॉगर काळाची सुरुवात लिहितात, काही शेवट. माहितीपुस्तिकेत सापडलं नाही तर कोरड्या दिवशी 10:05 ला नरसाळ्यात थोडं पाणी ओता. नोंद 10:15 ला आली तर शेवट, 10:00 ला आली तर सुरुवात. (ही वेळ टिपून ठेवा, नाहीतर ते पाणी पाऊस म्हणून मोजलं जाईल.) एकदा वेळ 'सुरुवात' या रूपात आणली की हिशेब सोपा: तिच्यात 15 तास 30 मिनिटं मिळवा आणि येईल ती तारीख घ्या.

हे बरोबर चाललंय का, हे खऱ्या फायलींवर कळणार नाही. हाताने तीन ओळींची फाइल बनवा: 26 जुलै, 8:15, 8:30 आणि 8:45, पारडं (मापकातलं, भरलं की उलटणारं छोटं भांडं) उलटल्याच्या नोंदी 5, 5 आणि 10. एका उलटण्याला 0.2 मिमी धरा. लॉगर शेवट लिहीत असेल तर 26 तारखेला 2 मिमी आणि 27 ला 2 मिमी यायला हवेत. सुरुवात लिहीत असेल तर 1 आणि 3. कागदावर उत्तर काढा, मग स्क्रिप्ट चालवा. अशा चारपाच छोट्या फायली स्क्रिप्टच्या शेजारीच ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर परत चालवा.

तारखांच्या लिहिण्यात दुसरी गोची. '03/07/2022' ही पांडास आपणहून 7 मार्च वाचतं. जुन्या आवृत्त्या '13/07' मात्र मुकाट 13 जुलै वाचत, एकाच स्तंभात! मग जुलैचे पहिले 12 दिवस वर्षभर प्रत्येक महिन्याच्या 7 तारखेला विखुरतात. आलेखात डिसेंबरच्या 7 तारखेला मुसळधार दिसली तर आधी हेच बघा. 2023 च्या 2.0 आवृत्तीपासून वागणूक सुधारली आहे, तरी तारखेचा साचा स्वतः लिहून द्या. न जुळणारी ओळ आली की स्क्रिप्ट तिथेच थांबेल, आणि आपल्याला तेच हवं.

आता शून्य. नोंद नाही आणि पाऊस नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पांडासची बेरीज रिकाम्या जागा सोडून देते, आणि संपूर्ण दिवस रिकामा असला तरी उत्तर 0 देते. मिन-काउंट (min_count) हा पर्याय वापरा: दिवसाच्या 96 नोंदींपैकी ठरावीक इतक्या नसतील तर उत्तर रिकामंच ठेवायचं. किती, हे तुम्ही आणि मार्गदर्शकांनी ठरवा, पण आकडा प्रबंधात लिहा. जोडीला प्रत्येक दिवसापुढे 'नोंदी किती' हा स्तंभ छापा. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला तर लॉगर प्रामाणिकपणे 0 लिहीत राहतो, ते कुठल्याच प्रोग्रॅमला कळणार नाही. त्यासाठी केंद्रावर जाणाऱ्याच्या वहीतून वेगळी फाइल करा: केंद्र, कधीपासून, कधीपर्यंत, कारण. स्क्रिप्टने ती वाचून तेवढा काळ रिकामा करावा.

पारड्याचं मापही असंच फायलीत ठेवा, कोडमध्ये नको. मध्येच उपकरण बदललं आणि 0.2 ऐवजी 0.254 मिमीचं, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागाचं आलं, तर तिथून पुढचा पाऊस 21 टक्क्यांहून अधिक कमी दिसेल.

'अवास्तव' आकडे आपोआप गाळणारी ओळ मात्र कृपा करून घालू नका. नेटवर ती सगळीकडे सुचवलेली दिसेल. तसल्या चाळणीने सांताक्रूझचे 944 मिमी पहिल्याच फेरीत उडाले असते. शेजारच्या केंद्राशी ताडून पाहिलं असतं तरी तेच, कारण त्याच 24 तासांत कुलाब्याला सुमारे 73 मिमी होता. घाटमाथ्यावर काम करणाऱ्याला तर टोकाचेच दिवस हवे असतात. खूण करा, गाळू नका, आणि निर्णय माणसाने घ्यावा. अपवाद ऋण आकड्यांचा: -999 दिसला की तो 'नोंद नाही' यासाठीचा संकेत असतो, तो रिकामा करा आणि किती केले ते छापा.

मूळ फायली 'फक्त वाचा' करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, तारखांचं रूप तिथेच बदलतं. स्क्रिप्ट गिटमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवा.

सुरुवातीला एकच केंद्र आणि एकच जुलै घ्या. तो महिना तुम्ही एक्सेलमध्ये आधीच काढला असेल, तर दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. जे दिवस जुळत नाहीत, त्यांच्या मूळ ओळी आणि लॉगरचं मॉडेल इथे टाका, मी बघतो.