छोट्या भूमिका आणि पडद्यामागचं काम, दोन्ही करून पुण्यात करिअर होतं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मित्र म्हणतात, 'काहीतरी एक धर.' तेवढ्या एका वाक्यासाठी लिहायला बसलोय. एरवी अकराला मी झोपलेला असतो, उद्या सहाचा कॉल आहे.

हेच वाक्य मला २००९ साली भोरच्या राजवाड्यात ऐकवलं गेलं, तेही जेवणाच्या पंगतीत. एका मराठी सिनेमावर मी चौथा सहायक दिग्दर्शक होतो. चौथा म्हणजे क्लॅप, म्हणजे शॉटआधी वाजवायची पाटी, अधिक वरच्या तिघांना नको असलेलं सगळं. त्या दिवशी तलाठ्याचं काम करणारे गृहस्थ उगवलेच नाहीत. दिग्दर्शकाने एकदा उन्हाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "शर्ट खोचता येतो ना रे?" ड्रेसवाल्या दादांनी त्या गृहस्थांच्या मापाची पँट मला मागून चार पिना मारून आवळली. वाक्यं दोनच. "सातबारा आणलाय? मग उद्या या." क्लॅप द्यायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून सीन, शॉट, टेक मीच पुकारलं, पाटी वाजवली, पायाने टेबलाखाली सरकवली आणि खुर्चीत बसून तलाठी झालो. वाइड शॉटमध्ये माझ्या चपलेशेजारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्या स्वच्छ दिसतात. टीव्हीवर तो सिनेमा लागला की बायको अजून पाहुण्यांना बोट दाखवून सांगते.

तर पंगतीत माझा एक मित्र होता. कॉलेजांच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला आम्ही एकाच एकांकिकेत होतो. त्याला या सिनेमात हिरोच्या दोस्ताचं काम होतं, आठ सीन. तो म्हणाला, "नट आहेस की सहायक, एकदा ठरव. एक ना धड भाराभर चिंध्या." सगळे हसले, मीही हसलो. संध्याकाळी प्रॉडक्शनवाल्याने विचारलं, "नाव एकाच यादीत येईल, कुठल्या टाकू?" मी म्हटलं, उद्या सांगतो. राहून गेलं. शेवटी आलं ते 'विशेष आभार'मध्ये, केटररच्या खाली.

तेव्हा सुचलं नाही ते उत्तर आता देतो. कोल्हापूरहून १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी पुण्यात आली. तिचे दिग्दर्शक व्ही. शांताराम कोल्हापुरात सिनेमे काढणाऱ्या बाबूराव पेंटरांकडे पडेल ते काम करत शिकले आणि 'सावकारी पाश'मध्ये, १९२५ साली, शेतकऱ्याच्या भूमिकेत उभेही राहिले. गुरुदत्त याच प्रभातमध्ये नाच बसवायचे, सहायक असायचे आणि छोट्या भूमिकाही करायचे. लॉ कॉलेज रोडवर ज्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे. चिंध्या म्हणे!

मला याचा उपयोग काय झाला? सहायक म्हणून एडिटिंगच्या टेबलाशी बसलो, तेव्हा कळलं की नट आपल्या वाक्याच्या मधोमध बशीवर कप आपटतो आणि तो टेक वाया जातो. कप वाक्याच्या आधी ठेवायचा, नाहीतर नंतर. लेन्स कुठली लागली हे ऐकलं की फ्रेममध्ये किती दिसणार ते कळतं, मग हात कुठवर हलवायचा ते मला विचारावं लागत नाही. 'तो त्रास देत नाही' ही माझी ख्याती आहे, आणि एका दिवसाच्या भूमिकेला अभिनयापेक्षा तीच जास्त विचारतात. कटू आहे, पण खरं आहे.

पुण्यात काम कुठे, हेही विचारलंय तुम्ही. आम्ही फिल्म इन्स्टिट्यूटच्या डिप्लोमा फिल्म्सवर, म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांच्या शेवटच्या सिनेमांवर शिकलो. बरीच वर्षं तिथला अभिनयाचा कोर्सच बंद होता, २००४ साली परत सुरू झाला. तोवर शहरातल्या नाटकवाल्यांना तिथे हमखास बोलावणं यायचं, आताही येतं, पण कमी. बाकी जाहिराती, भोसरी-चाकणच्या कंपन्यांचे सेफ्टीचे व्हिडिओ. एका व्हिडिओत यंत्रात हात अडकणारा कामगार मी होतो आणि ते रक्त कालवणाराही मीच. पैसे मात्र दोन्ही कामांचे वेगवेगळे ठरवा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. 'नव्वद दिवसांनी' हे शब्द ऐकलेत की दीडशे धरा.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. सदाशिव पेठेतलं घर वडिलांचं आहे, भाडं नाही. बायकोची सरकारी नोकरी आहे. हे दोन खांब काढले तर वरचं सगळं डोलायला लागेल. आणि तो मित्र एका मालिकेत सासरा आहे, नियमित, गाडी न्यायला येते. त्यामुळे एकच धरून चालत नाही असं मी म्हणत नाही. पण त्याने ते पंगतीत बोलायला नको होतं.

तुम्ही वय लिहिलेलं नाही. आणि गिअरची गाडी येते का चालवता? दोन्हीकडे पहिल्यांदा तेच विचारतात.